विहिरीतली हळद

हट्टा, १९ फेब्रुवारी

सोमेश्वरा,

आशीर्वाद लिहावा का न्हाई, ह्या इचारात चहा निवून गेला. लिहिलाय असं समज आन् पुढं वाच.

फोन तू उचलत न्हाईस. पत्राचं कसं, फाडायचं म्हणलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तुझा चाकणचा पत्ता फुलसिंगनं दिला. तुझ्या शेडवर कामाला व्हता म्हणून त्याला तरी तू सांगून गेलास. बायकोला न्हाई, आईला न्हाई, फुलसिंगला सांगितलंस. बरं केलंस बाबा.

इकडं सगळं ठीक हाय. हळदीचा सीझन चालू हाय. शेजारच्या मुंजाजी भाऊजींनी आपल्या बांधाला लागूनच हळद शिजवायचा कुकर मांडलाय, पॉलिशचा ड्रमबी तिथंच फिरून राहिलाय. दिवसभर पिवळी धूळ उडती. माझं लुगडं, पुनमनं वाळत घातलेले कपडे, गोठ्यातली गाय, सगळ्यांना हळद लागली. विहिरीचं पाणीबी पिवळं झालं. त्यावरून परवा मी बांधावर उभी राहून भाऊजींचा असा उद्धार केला, की त्यांचे मजूर काम सोडून ऐकत बसले. म्हणलं, हळद धुवायला तुमाला माझीच विहीर सापडली का? ते म्हणले, वहिनी, मी तुमच्या विहिरीकडं फिरकलोबी न्हाई. मी म्हणलं, मंग काय आभाळातून पडली? तवापासून आमचं बोलणं बंद हाय.

पुनम म्हणती, आत्या, ते पाणी पिऊ नका. मी म्हणते, हळदीचं पाणी अंगाला चांगलंच. ती लांबून गावातल्या नळाची घागर आणती आन् तेच प्या म्हणून मागं लागती. शिकलेल्या सुनेचा हा एक ताप असतो.

शेडच्या मागं तुझे निळे ड्रम तसेच पडून हायेत. मशीनच्या शाफ्टांना क्रोमची चकाकी चढवून उरलेलं ते पाणी. एका ड्रमचं बूड गेलंय, खालची माती ओली दिसती. 'पॉलिशचंच पाणी हाय, त्यानं कुणाचं काय बिघडतंय,' असं तूच म्हणला व्हतास, म्हणून मी तिकडं बघत न्हाई. पुनम बघती. ह्याच ड्रमांवरून तुमची जुंपली व्हती. हे घराजवळ ठेवू नका म्हणली एवढंच तिचं चुकलं. तू म्हणलास, बीएस्सी काय झाली, मला धंदा शिकवती. आन् ही जोवर ह्या घरात हाय तोवर मी येत न्हाई म्हणून निघून गेलास. तर तुझ्या कानावर असावं, ती अजून घरातच हाय.

अक्षर वाकडं आलंय. चष्म्याचा नंबर वाढला असंल, बाकी काही न्हाई.

तुझी आई


हट्टा, २८ फेब्रुवारी

सोमेश्वरा,

मागच्या पत्रात मी सगळं ठीक हाय म्हणून लिहिलं. ठीक न्हाई.

परवा सकाळी पुनम विहिरीच्या पाण्याचा गिलास घेऊन माझ्यापुढं बसली आन् म्हणली, आत्या, तुमची चंची द्या. मला वाटलं, सून आता पान खायला लागली का काय. तिनं डबीतून नखभर चुना काढला, गिलासात टाकला आन् चमच्यानं ढवळला. मंग मला इचारलं, हळदीत चुना पडल्यावर काय व्हतं? मी म्हणलं, हे काय इचारणं झालं? लाल व्हतं. माझ्या माहेरी कुंकू घरीच करायचे.

ती म्हणली, मंग बघा.

मी बघत बसले. पाणी काही लाल होईना. उलट जास्तच पिवळं दिसायला लागलं. मंग तिनं चुलीजवळच्या डब्यातली हळद दुसऱ्या गिलासात कालवली, त्यातबी तेवढाच चुना टाकला. बघता बघता त्याचं कुंकू झालं. एक गिलास लालभडक, एक जसाच्या तसा पिवळा, दोन्ही माझ्यापुढं पाटावर.

"ही हळद न्हाई, आत्या," ती म्हणली. "ड्रममधलं क्रोम हाय हे. जहर हाय."

अरे, माझा जन्म हळदीत गेला. शिजवली, वाळवली, निवडली, देवाला वाहिली. आन् मलाच हळद ओळखू आली न्हाई. आजूबाजूला सगळं पिवळं, म्हणून विहीरबी हळदीचीच समजून बसले. जिनं ओळखली ती हिंगोलीकडच्या गोरेगावच्या दुकानदाराची लेक, जिच्या घरात कधी हळदीची पाटी आली न्हाई. दुसरी कुणी असती तर म्हणली असती, सांगत व्हते ना मी. हिनं तसा चकार शब्द काढला न्हाई. उठली, बोराटीची काटी आणून विहिरीच्या वाटेवर टाकली आन् मुंजाजी भाऊजींच्या मजुरांना सांगायला गेली, की इथलं पाणी कुणी तोंडाला लावू नका.

आता अक्षराचं खरं सांगते. चष्मा बराबर हाय. हाताला फोड आले व्हते, ते फुटून बारीक बारीक भोकं पडली, काही केल्या भरत न्हाईत. भांडी त्याच पाण्यानं घासत व्हते ना. पुनमनं वसमतला डॉक्टरकडं नेलं, रक्त तपासलं. पोटात अजून काही नुकसान न्हाई, ते पाणी पिणं वेळेवर सुटलं, असं डॉक्टर म्हणले. रोज संध्याकाळी ती माझा हात मांडीवर घेऊन पट्टी बांधती. मला माझ्या आईनंबी असं जपलं न्हाई.

काल तिचे वडील रामजी भाऊ गोरेगावहून जीप घेऊन तिला न्यायला आले. जावई सोडून गेला, लेकीनं काहून राहावं इथं? त्यांचं काय चुकलं? मी आतल्या खोलीत बसून ऐकत व्हते. ती म्हणली, "बाबा, ही घाण ज्याच्या घरातून निघाली त्या घरची मी सून हाय. विहीर साफ झाली की फोन करते, तवा जीप घेऊन या."

म्हणजे माझी विहीर साफ झाली की माझी सून चालली. सोमेश्वरा, तू ये. तिला थांबव. माझं तिच्यावाचून व्हणार न्हाई, हे मी कागदावर लिहून देते, तोंडानं मला जमत न्हाई.

तुझी आई


हट्टा, २२ मार्च

सोमेश्वरा,

तुझं पत्र पोचलं. सगळं मिळून चार ओळी. त्यात आईच्या हाताच्या जखमांबद्दल एक अक्षर न्हाई. 'तिला म्हणावं ड्रमला हात लावू नको, हापिसात कळवू नको, माझ्यावर केस होईल.' वाचून मी पुनमला दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आन् म्हणली, कळवून झालंय. प्रदूषणवाले साहेब येऊन बघून गेले. नोटीस निघाली हाय, तुझ्या नावाची हाय, ती मी भिंतीतल्या देवळीत ठेवली. आता कामाचं ऐक.

कॉलेजातल्या सरांना ती रोज फोन करती. सर सांगतात, ही लिहून घेती, मंग आधी गिलासात करून बघती. थेट विहिरीत काही टाकायचं न्हाई, असं पहिल्याच दिवशी ठरलं. ओसरीवर काचेच्या गिलासांची रांग लावली व्हती. चहाला गिलास उरला न्हाई, मी वाटीत चहा प्याले.

औषध कोणतं, तर आपला ऊस पिवळा पडला की खताच्या दुकानातून आणून टाकतो ना फेरस, तेच. जुन्या लोकांची हिराकस. मला आधी खरं वाटंना. उसाचा पिवळेपणा घालवणारं ते, पाण्याचाबी घालवंल व्हय? तिनं ड्रममधलं नारिंगी पाणी थेंबभर गिलासात घेतलं, पाणी घालून पातळ केलं, वरून फेरस टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत नारिंगीचं हिरवं झालं. मंग चुन्याची निवळी घातली, तर सगळा गाळ धरून फुटलेल्या दुधासारखा खाली बसला आन् वर पाणी नितळ. मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. तीबी हसली. किती दिवसांनी हसली.

तिनं मला समजावून सांगितलं. क्रोम मरत न्हाई, आत्या, त्याचं जहाल रूप मवाळ व्हतं. जहाल असलं की पाण्यात मिसळून कुठंबी जातं. मवाळ झालं की चुन्यानं गोळा व्हतं आन् तळाला बसतं, मंग ते उचलून नेता येतं. मी म्हणलं, बाई गं, असं फेरस माणसांसाठी निघालं का न्हाई अजून? तुझं नाव मी घेतलं न्हाई. ती समजली.

आता विहिरीचं पाणी उपसायचं तर कुठं सोडायचं? खड्डा पाहिजे, त्यात प्लास्टिक पाहिजे, मोठी मोटर पाहिजे. हे सगळं मुंजाजी भाऊजींकडं हाय, शेततळ्यातलं उरलेलं. मी त्यांच्या दारात गेले. काय तोंड घेऊन गेले, माझं मला ठाऊक. म्हणलं, भाऊजी, हळद तुमची नव्हती, घाण आमची व्हती. ते कुकरजवळ बसले व्हते. आधी उठून खालचा जाळ कमी केला. मंग म्हणले, वहिनी, तुमी बांधावरून बोलल्या तवा माझे मजूर लई खूश झाले व्हते, आता हे त्यांच्यासमोर एकदा म्हणा. मीबी म्हणलं बाबा, सगळ्या मजुरांसमोर म्हणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिक आन् मोटर दोन्ही पाठवली.

खड्डा भरला की पुनम हातमोजे, गमबूट, डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क लावून उभी राहती. फेरस मोजून टाकायचं, बांबूनं ढवळायचं, मंग चुना, मंग रातभर निवळू द्यायचं. मला कडंला फिरकू देत न्हाई. मी लिंबाखाली बाजेवर बसून बघते. उन्हात तोंड लाल झालेलं असतं, घाम गळत असतो, पण मोजमाप चुकत न्हाई. गावातल्या बाया बघायला येतात. एकजण म्हणली, जनकाबाई, तुमची सून काय करून राहिली हो? मी म्हणलं, माझ्या लेकानं घाण केली, माझी सून निस्तरून राहिली. मला सांगायला लाज वाटली न्हाई. मला तिचा अभिमान वाटला.

तुझी आई


हट्टा, १४ एप्रिल

सोमेश्वरा,

हाताच्या जखमा भरत आल्या. अक्षरावरून तुला कळलंच असंल.

ड्रम रिकामे झाले. त्यांच्याखालची माती खणून काढली, तिच्यावरबी तोच इलाज केला. गाळ सुकवून पिंपात भरलाय, तो असा कुठंबी फेकून चालत न्हाई म्हणं. असल्या घाणीची खास जागा असती, तिथली गाडी येऊन नेणार हाय. विहीर उपसली की नवं पाणी झिरपतं, ते परत तपासायचं, परत उपसायचं. सरांनी एक औषध पाठवलंय. पाण्यात टाकलं आन् रंग जांभळा-गुलाबी आला की समजायचं, जहर अजून हाय. पहिल्यांदा टाकलं तर जांभळाच्या रसासारखं झालं व्हतं. मंग गुलाबी. परवा इतकं फिकं आलं, की पुनमनं गिलासामागं पांढरा कागद धरला तवा दिसलं.

सगळं गाव खूश हाय. भाऊजी म्हणले, वहिनी, आता अक्षय्य तृतीयेला आमरस तुमच्याच पाण्यानं. मीबी हसले. पण खरं सांगू का? जसजसा तो रंग उतरून राहिलाय, तसतशी मी दिवस मोजून राहिले. रंग गेला की ती तिच्या बापाला फोन करणार. ही बाई एवढे कष्ट करती कशासाठी, तर इथून जायला मोकळं व्हावं म्हणून. आन् मी तिला भाकरी करून घालते, घाई कर म्हणते, आन् मनात म्हणते, देवा, थोडं राहू दे.

तू आला असतास तर काही झालं असतं का, मला सांगता येत न्हाई. पण तू यायला पाहिजे व्हतास.

तुझी आई


हट्टा, ८ मे

सोमेश्वरा,

ही गोष्ट मी कुणाला सांगणार न्हाई. तुला सांगते, कारण तू एवढा लांब हायेस की तुझ्यापुढं लाजायची गरज न्हाई.

गेल्या आठवड्यात शेवटची बाटली भरायची व्हती. सरांच्या औषधानं पाणी कितीक दिवस बिनरंगाचं, पांढरंच येऊन राहिलं व्हतं. आता हिंगोलीच्या लॅबला पाणी जाणार, तिथून हो आलं की विहीर मोकळी. सकाळी पुनमनं विहिरीतून बादली शेंदून काठावर ठेवली आन् बाटली आणायला घरात गेली. मी तिथंच उभी व्हते. पदरात हळद बांधून नेली व्हती. हो, नेली व्हती, घरून ठरवूनच. मूठभर बादलीत टाकली आन् हातानं ढवळली.

ती आली. बादलीत बघितलं. बाटली तिच्या हातातून सुटली आन् ती विहिरीच्या काठावर मटकन बसली. उन्हातान्हात सगळं केलं तवा जो चेहरा पडला न्हाई, तो त्या एका क्षणात पडला. काळीठिक्कर पडली पोरगी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंग ती उठली. पाणी नाकाजवळ नेलं, वास घेतला. माझ्याकडं बघितलं. माझे हात मी पदराआड घेतले व्हते. ती म्हणली, "आत्या, तुमची चंची द्या."

मी दिली. काय करणार? तिनं गिलासात पाणी घेतलं, नखभर चुना टाकला. लाल झालं, कुंकवासारखं. तिनं तो गिलास उन्हात धरून बघितला. मंग हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आन् मी तर आधीच रडून राहिले व्हते.

मी म्हणलं, "तू जाशील म्हणून टाकली गं."

ती म्हणली, "मी जाणार हाय, आत्या. त्यांच्यासाठी मी ह्या घरात बसून राहणार न्हाई." माझा पदर ओढून तिनं पिवळे हात बाहेर काढले, त्यावर नळाच्या घागरीतलं पाणी ओतलं, आधी पट्ट्या बांधायची तसंच हळूहळू धुतले. "पण तुमाला सोडून जाते असं कुणी सांगितलं?"

बादली ओतून तिनं नवं पाणी शेंदलं, बाटली भरली. परवा लॅबचा कागद आला. पाणी चांगलं हाय. पहिला गिलास तिनं माझ्या हातात दिला न्हाई, आधी स्वतः प्याली, मंग मला दिला.

सरांनी तिच्यासाठी नांदेडला नोकरी बघितली, कारखान्यांचं सांडपाणी तपासायच्या लॅबमधी. काल रामजी भाऊ जीप घेऊन आले. तिचं सामान मी स्वतः बांधलं. शिदोरी दिली, लोणचं दिलं, माझ्या माहेरची पैठणी दिली. जीप निघाली तवा भाऊजींनी पॉलिशचा ड्रम बंद ठेवला व्हता, धूळ नको म्हणून. तू म्हणला व्हतास, ही घरात हाय तोवर येत न्हाई. आता ती घरात न्हाई. घर केवढं मोठं झालंय, येऊन बघ.

तुझी आई


हट्टा, १५ जून

सोमेश्वरा,

पुनम आली व्हती. मातीत राहिलेलं क्रोम पावसाळ्यात झिरपू शकतं, म्हणून वरीसभर दर महिन्याला विहीर तपासायची हाय. लॅबचं काम म्हणून न्हाई, स्वतःहून येती. मुक्कामाला व्हती. मी पुरणपोळी केली. गाळाची पिंपंबी त्याच दिवशी गाडीनं नेली, तिनं उभं राहून चढवली. नोटिशीचं काय करायचं ते तू ये आन् बघ, ते तिचं काम न्हाई.

पाणी तपासलं, पांढरं आलं. जाताना तिनं बॅग भरली तवा मी सहज इचारावं तसं इचारलं, वरीस झाल्यावर मंग काय? मंग यायचं काही कारण उरणार न्हाई.

तिनं माझ्या चंचीतली चुन्याची डबी काढून स्वतःच्या पर्समधी टाकली.

"तुमच्या हळदीचा काय भरवसा, आत्या," ती म्हणली, "लक्ष ठेवावंच लागंल."

सोमेश्वरा, यायचं तर ये. आईच्या घरी यायला तुला कुणाची परवानगी नको. विहिरीचं पाणी पिऊन बघ, लई गोड झालंय. पण तिला थांबवायला म्हणून आता येऊ नको, त्याची गरज राहिली न्हाई. आन् येताना वसमतच्या बाजारातून चुन्याची एक नवी डबी आण, माझी ती घेऊन गेली.

तुझी आई,
जनकाबाई